कीबोर्ड नाही? मग एफ-१ दाबा!

आमच्या हैदराबादच्या घरात माळ्यावर एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याला ना स्क्रीन, ना कीबोर्ड. बाबांनी काढलेले सगळे फोटो त्यात आहेत. बाबा गेल्यापासून आई ते रोज टीव्हीवर बघते.

एका रात्री वीज गेली. सकाळी आई म्हणाली, "अरे, बाबांचे फोटो दिसत नाहीत."

पोटात गोळाच आला. फोटोंची दुसरी प्रत नव्हती! स्क्रीन जोडली, तर संदेश आला: कीबोर्ड सापडला नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा. आता नसलेल्या कीबोर्डवरचं बटण दाबायचं कसं?

सुरू होताना कॉम्प्युटर मेमरी, डिस्क, कीबोर्ड तपासतो आणि काही कमी दिसलं की थांबतो. यावर उपाय सोपा आहे. एकदाच कीबोर्ड जोडून डिलीट किंवा एफ-२ दाबत बायोसमध्ये शिरायचं. 'हॉल्ट ऑन'समोर 'ऑल, बट कीबोर्ड' निवडायचं. (मदरबोर्डनुसार नावं थोडी बदलतात.) वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्यायही तिथेच असतो.

पण हे तर मी पूर्वीच केलं होतं! मग बिघडलं काय? मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, संपला होता. वीज होती तोवर सेटिंग टिकलं. ती जाताच पुसलं गेलं.

सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमधून नवा सेल आणला. सोबत एक डिस्कही, दुसऱ्या प्रतीसाठी. तुमच्याही माळ्यावर असा कॉम्प्युटर असेल, तर सेल आजच बदला. आणि त्याआधी प्रत काढा.