कापसाच्या पानांतील प्रथिनाचा शोध

जालना जिल्ह्यांतील मंठा तालुक्यांत मृगाच्या सुमारास जी सरकी पेरली जाते, ती खरी कीं खोटी हें नुसत्या डोळ्यांनीं कोणासहि सांगतां येत नाहीं. भारत सरकारनें मार्च २००२ मध्यें ज्या बी.टी. कापसास परवानगी दिली, त्यांत जमिनींतील एका जंतूचें जनुक घातलेलें असतें. त्याच्या योगें झाड स्वतःच ‘क्राय-१-ए-सी’ हें बोंडअळीस मारक प्रथिन तयार करतें. हें बियाणें येथें आणणारी महिको कंपनी बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ मध्यें जालन्यासच स्थापिली. त्याच्या नांवाखालीं साधी सरकी विकली गेली, तर फसवणूक कळते ती बोंडें किडल्यावर. तोंवर हंगाम गेलेला असतो.

शोध घ्यावयाचा तो एका प्रथिनाचा. पण एका पानांत प्रथिनें हजारों. तीं वेगळीं करण्याची प्रयोगशाळेंतील रूढ रीत अशी: पानाच्या रसांत साबणासारखें एक द्रव्य घालून तो तापवितात. त्यामुळें प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडतात व सर्वांवर ऋण विद्युद्भार चढतो. मग थिजविलेल्या पातळ, पारदर्शक वडीच्या एका कडेस तो रस घालून वीज सोडली म्हणजे प्रथिनें धन टोंकाकडे धांवूं लागतात. वडीच्या सूक्ष्म जाळींतून लहान रेणू चटकन निसटतात, मोठे मागें रखडतात. आठवडेबाजाराच्या गर्दींत पोर पुढें जातें आणि बैलगाडी अडते, तसेंच हें. निळा रंग दिला कीं शिडीच्या पायऱ्यांसारखे पट्टे दिसतात. ही रीत लेम्ली यांनीं १९७० मध्यें रूढ केली.

परंतु पट्टा दिसला म्हणजे ओळख पटली असें नव्हे. सारख्या आकाराचीं दोन प्रथिनें एकाच पायरीवर थांबतात. खरी ओळख पटवितात तीं प्रतिपिंडें. एखाद्या प्राण्यास तें प्रथिन टोंचलें असतां त्याच्या रक्तांत हीं उत्पन्न होतात व नेमकीं त्याच प्रथिनास चिकटतात. याच तत्त्वावर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनें तपासणीचे संच तयार केले. पानाचा तुकडा द्रावणांत चुरडून पट्टी बुडवावी. कांहीं मिनिटांत दोन रेघा उमटल्या तर प्रथिन आहे, वरची एकच उमटली तर नाहीं. वरचीहि न उमटल्यास पट्टीच निकामी समजावी.

किती प्रथिन आहे हें मात्र पट्टी सांगत नाहीं. त्यासाठीं ‘एलायझा’ पद्धतीनें रंगाची गडदता मोजावी लागते. अशा मोजणींतून नागपूरच्या संशोधकांस २००५ मध्यें आढळलें कीं, पानांत तें भरपूर, पण बोंडांत, जेथें अळी शिरते तेथेंच, फार थोडें. शिवाय झाड वाढतें तसतसें तें घटतें. पुढें २००६ मध्यें दुसरें प्रथिन जोडलेलें वाण आलें. गुलाबी बोंडअळी त्यासहि दाद देईनाशी झाली, आणि २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्रांत अस्सल बियाण्याचींहि बोंडें पोखरलीं गेलीं.