दगड नव्हे, खडीचा ढीग!

आज एका साध्या प्रश्नाचं उत्तर शोधूया. अर्धा किलोमीटरचा एक दगड बघायला कोट्यवधी किलोमीटर लांब यान पाठवायचं कशाला?

लघुग्रह म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर टणक, अखंड कातळ येतो. तुमच्याही येत असेल. आता बेन्नूचं बघा. २० ऑक्टोबर २०२० रोजी नासाचं ओसायरिस-रेक्स यान त्याच्यावर टेकलं, माती-दगडांचे नमुने घ्यायला. यानाचा हात पृष्ठभागावर आपटून थांबायला हवा होता ना? तो चक्क अर्धा मीटर आत रुतला! लगेच इंजिनं पेटवून यान वर उडालं, नाहीतर आणखी आत गेलं असतं. म्हणजे बेन्नू हा कातळ नाहीच. अगदी क्षीण गुरुत्वाकर्षणाने कसाबसा एकत्र राहिलेला खडीचा ढीग आहे तो. जपानच्या हायाबुसा यानाला २००५ मध्ये इटोकावा हा लघुग्रहही असाच ढिगारा दिसला होता.

आता तुम्ही म्हणाल, ढीग असो की कातळ, आपल्याला काय फरक पडतो? पडतो. बुलढाण्याचं लोणार सरोवर आठवा. जवळपास १.८ किलोमीटर रुंदीचं ते विवर अवकाशातून आलेल्या अशाच एका पाहुण्याने पाडलंय. उद्या असा पाहुणा पुन्हा निघाला, तर त्याला वाटेतच ढकलावं लागेल. पण सैल ढिगाला धक्का दिला तर तो सरकेल, की सगळा जोर आतल्या आत जिरेल?

नासाने हे करूनच बघितलं. २६ सप्टेंबर २०२२ रोजी डार्ट यान सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने डायमॉर्फसवर आदळलं. हा जेमतेम १६० मीटरचा, डिडिमॉस नावाच्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणारा. आपल्याला त्याच्यापासून काही धोका नव्हता. त्याची एक फेरी ११ तास ५५ मिनिटांची होती. ती निदान ७३ सेकंदांनी घटली तरी मोहीम यशस्वी धरायची, असं ठरलं होतं. घटली किती? सुमारे ३३ मिनिटांनी! कारण धडकेने उडालेला मलबा मागे फेकला गेला आणि रॉकेटच्या धुरासारखा त्यानेच लघुग्रहाला जादा रेटा दिला.

पण दुसरा लघुग्रह असाच वागेल, याची खात्री नाही. लघुग्रह कुठून कुठे जातोय, हे दुर्बिणीतून कळतं. तो आतून कसा आहे, हे बघायला मात्र जवळच जावं लागतं. म्हणूनच ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपचं हेरा यान डायमॉर्फसकडे निघालं. त्याचं वस्तुमान किती आणि धडकेनंतर त्याचं नेमकं काय झालं, हे ते मोजणार आहे.

तर हेराकडे लक्ष ठेवा, आणि पुढच्या भागात भेटूया!