सैल स्टिअरिंगचा शोध

मागच्या वर्षी आषाढात माझ्या चुलतभावाने त्याच्या पिकअपवरचा ड्रायव्हर काढून टाकला. कारण विचारलं तर म्हणाला, "दादा, सरळ रस्त्यावर गाडी नागमोडी चालवतो. रात्रीची घेत असणार." हा माणूस सहा वर्षं ओतूरहून भाजी भरून माळशेज घाटाने कल्याणच्या बाजारात पोचवत होता. जाताना तो एवढंच बोलला, "शेठ, स्टिअरिंग सैल झालंय, वर्षभर सांगतोय." काढून टाकलेल्या माणसाचं बोलणं ही सबब वाटते. तशीच ती आम्हांलाही वाटली.

मग भाऊ स्वतः गाडी चालवू लागला आणि चार दिवसांत त्याचीही गाडी नागमोडी जाऊ लागली. त्याने ती एका गॅरेजात नेली. तिथल्या पोराने बॉनेट उघडलं, स्टिअरिंग बॉक्सच्या डोक्यावरचा स्क्रू अर्धा-पाऊण आटा आवळला आणि पाच मिनिटांत गाडी हातात दिली. स्टिअरिंग घट्ट लागू लागलं. तिसऱ्या फेरीला, पावसात, माळशेजच्या एका वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग परत फिरेना. एरवी हात ढिला केला की ते आपसूक सरळ होतं. या वेळी ते वळलेलंच राहिलं. भावाने दोन्ही हातांनी ओढून गाडी सरळ केली, पुढे जागा पाहून उभी केली आणि मला फोन केला.

मी इंजिनिअर नाही. एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत हिशेब लिहिण्यात उमेदीची वर्षं गेली. बाकीच्या वेळात बैलगाडी, मोट, नांगर यांची रचना आणि त्यांचे शब्द गोळा करत आलो. फिरणाऱ्या वस्तूंबद्दलचं माझं शिक्षण सुतारांच्या ओट्यावर आणि गॅरेजच्या खड्ड्यात झालं. पुढचे दोन महिने मी या एका गाडीच्या मागे लागलो. त्या शोधाची ही हकीकत आहे.

बैलगाडीला स्टिअरिंग का नाही

आपल्या बैलगाडीला दोन चाकं आणि एक आख. बैल वळले की जू वळतं, जुवामागे दांडी आणि दांडीमागे अख्खी गाडी. दोन्ही चाकं आखावर सुटी फिरतात, त्यामुळे वळताना बाहेरचं जास्त आणि आतलं कमी फिरतं, आणि कोणाचीच तक्रार नसते. तुंब्यात वंगण घातलं आणि आखाच्या टोकाची खीळ शाबूत असली की झालं.

चार चाकं आली की अडचण सुरू होते. युरोपातल्या घोडागाड्यांत पुढचा आख मधल्या खुंटीवर अख्खा फिरायचा. तीव्र वळणावर गाडीचा आधार अरुंद होऊन ती कलंडायची. म्युनिकच्या लांकेन्स्परगर या गाडी बनवणाऱ्या कारागिराने यावर तोड काढली: आख जागेवर ठेवायचा आणि त्याच्या दोन टोकांना बिजागऱ्या देऊन फक्त चाकं वळवायची. १८१८ साली लंडनमध्ये त्याच्या वतीने रुडॉल्फ अॅकरमन यांनी पेटंट घेतलं आणि रचनेला नाव लागलं ते अॅकरमनचं. वळताना आतलं चाक लहान वर्तुळावर चालतं, म्हणून ते बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं. चाकांना जोडणारे दांडे तिरपे ठेवून हे साधतात.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. बैलगाडीत दिशा देणारा आणि वळणारा यांच्यामध्ये फक्त दांडी असते. पिकअपमध्ये ड्रायव्हरचा हात आणि रस्ता यांच्यामध्ये दहा-बारा सांधे असतात. सरकारी मराठीत आपण स्टिअरिंगला सुकाणू म्हणतो. हा शब्द अरबीतल्या सुक्कानवरून, जहाजांबरोबर आला. सुकाणू पाण्याला रेटतं. तिथे वीतभर इकडेतिकडे खपून जातं. घाटात तेवढी सवलत नसते.

एक मिलिमीटरचे पावणेतीन सेंटिमीटर

आता सांधे ओळीने पाहू. स्टिअरिंगखाली लांब दांडा, त्यात एक-दोन क्रॉस जॉइंट. दांडा स्टिअरिंग बॉक्समध्ये जातो. जुन्या पिकअपच्या बॉक्समध्ये बहुधा एक स्क्रू आणि त्यावर सरकणारा नट असतो. दोघांच्या आट्यांमध्ये छर्रे फिरत राहतात, एका टोकाला बाहेर पडून नळीतून पुन्हा आत येतात. नटाच्या दात्यांनी एक आडवा शाफ्ट फिरतो. त्याच्या टोकाला ड्रॉप आर्म लोंबतो. ड्रॉप आर्मला ड्रॅग लिंक, ती एका चाकाच्या आर्मला, आणि दोन चाकांना जोडणारा टाय रॉड. या दांड्यांच्या टोकांना वाटीत बसलेला गोळा, म्हणजे बॉल जॉइंट. शेवटी चाक ज्यावर वळतं ती किंग पिन आणि तिचे बुश.

भावाच्या गाडीचं स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार वेढे फिरतं, म्हणजे १४४० अंश. तेवढ्यात ड्रॉप आर्म साधारण ७० अंश झुलतो. म्हणजे प्रमाण झालं वीसास एक. हे प्रमाण हाताचं बळ वाढवतं, पण उलट दिशेने पाहिलं तर ते झीजही वाढवतं. ड्रॉप आर्म १५ सेंटिमीटर लांब. त्याच्या टोकाशी एक मिलिमीटर मोकळीक असली तर ड्रॉप आर्मला ती ०.३८ अंश, स्टिअरिंगवर त्याचे वीसपट, म्हणजे ७.६ अंश. ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेवर हे अंतर भरतं जवळजवळ पावणेतीन सेंटिमीटर. नखाच्या जाडीएवढ्या झिजेचे दोन बोटं रुंद 'प्ले' होतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ९८व्या नियमाने हा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त चालत नाही. आपल्या गाडीच्या कडेवर ३० अंश म्हणजे साडेदहा सेंटिमीटर. गॅरेजातून आलेल्या गाडीचा मी मोजला तेव्हा साडेसहा भरला. म्हणजे कायद्यात गाडी पास, आणि घाटात नापास. त्याच नियमात बॉल जॉइंटवर रबरी टोप्या हव्यात आणि बोल्ट-पिना नीट अडकवलेल्या हव्यात असंही आहे. आमच्या ड्रॅग लिंकची टोपी फाटून लोंबत होती.

मोजणं अवघड नाही. चाकं सरळ ठेवून गाडी सपाटीवर उभी करायची. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू, नसेल तर बंद. स्टिअरिंगच्या कडेला चिकटपट्टीची खूण करायची. एकाने पुढच्या चाकाकडे डोळा लावायचा, दुसऱ्याने स्टिअरिंग हळू फिरवायचं. चाक हलायला लागण्याआधी खूण इकडून तिकडे किती सरकते, तो प्ले.

शोध कसा घ्यावा

आळेफाट्याजवळचे एक वयस्क मिस्त्री मला यात गुरू भेटले. मी बॉक्सबद्दल विचारलं तर म्हणाले, "बॉक्स शेवटी. ताप आला म्हणून थर्मामीटर मोडता का तुम्ही?" मग त्यांनी मला गाडीखाली झोपवलं आणि भावाला सांगितलं, "चारही चाकं जमिनीवरच राहू द्या. तुम्ही स्टिअरिंग थोडं डावं-उजवं हलवत राहा." गाडी उचलली तर चाक सुटं होतं, कशालाच अडत नाही आणि सांध्यातली झीज लपते. चाक जमिनीत रुतलेलं असलं म्हणजे जिथे मोकळीक आहे तिथेच हालचाल गिळली जाते.

हालचाल कुठे आत शिरते आणि कुठे बाहेर पडत नाही, एवढंच पाहायचं. वरचा दांडा फिरला, क्रॉस जॉइंट फिरला. ड्रॉप आर्म हलला. पण ड्रॅग लिंकचा पुढचा गोळा आधी वाटीत सरकत होता, मग दांडा हलत होता. बोट ठेवल्यावर टक्‌टक् हाताला लागत होती. मिस्त्रींनी बॅटरी वर धरली. स्टिअरिंग बॉक्स आख्खा चेसीसवर हलत होता. त्याचे बोल्ट सैल होते. गॅरेजच्या पोराने जो स्क्रू आवळला तो बॉक्सच्या आतला होता; खुद्द बॉक्स गाडीला धरून नव्हता.

मग पुढचा आख उचलून त्याखाली भक्कम स्टँड लावले. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कोणी गाडीखाली जाऊ नये. चाक वर-खाली धरून हलवलं तर किंचित डगडग होती. भावाला ब्रेक दाबायला सांगितलं, डगडग थांबली. म्हणजे दोष चाकाच्या बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही ती राहिली असती तर किंग पिनचा. चाक दोन्ही बाजूंनी धरून आडवं हलवलं तर टाय रॉडची टोकं बोलतात. आमची गप्प होती.

दुरुस्तीचा क्रम

आधी टायरमधली हवा. मग बॉक्सचे बोल्ट, आणि चेसीसला तिथे तडा गेला नाही ना याची पाहणी. मग ड्रॅग लिंकचं टोक नवं. जुनं काढताना ते किती आट्यांवर बसलं होतं हे मोजून ठेवलं, म्हणजे नवं त्याच जागी येऊन स्टिअरिंग वाकडं राहत नाही. नटाला पिन नवी. जुनी सरळ करून पुन्हा घालायची नाही, ती तुटते. मग बेअरिंग: चाक फिरवत नट आवळायचा, किंचित मागे घ्यायचा, अडकवायचा.

बॉक्सचा स्क्रू सर्वांत शेवटी, आणि आमच्या बाबतीत तो सैल करण्यासाठी. त्यामागचं कारण मला त्या दिवशी कळलं. बॉक्समधले दाते मुद्दाम असे कापलेले असतात की मधोमध ते घट्ट बसावेत आणि दोन्ही टोकांना थोडे मोकळे. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून झीजही मधोमध होते. स्टिअरिंग बरोबर मध्यावर नसताना कोणी स्क्रू आवळला, तर तो टोकाकडच्या मुद्दाम ठेवलेल्या मोकळिकीला दोष समजून आवळतो. मग मध्यावर येताना दाते एकमेकांत रुततात. किंग पिन वरून किंचित मागे कललेली असते, सायकलच्या चिमट्यासारखी. त्यामुळे चाकं आपणहून सरळ होऊ पाहतात. पण ते बळ थोडं असतं. रुतलेल्या बॉक्सला ते ढकलू शकत नाही. माळशेजला झालं ते हेच.

मिस्त्रींनी ड्रॅग लिंक सोडवली, एका टोकापासून वेढे मोजून स्टिअरिंग बरोबर अर्ध्यावर आणलं, लॉक नट ढिला केला आणि स्क्रू मागे घेतला. मग एका बोटाने स्टिअरिंग मध्यावरून इकडून तिकडे फिरवून पाहिलं. कुठे अडतं का, एवढंच बोटाला विचारत होते. पुन्हा आवळायचा तर एका वेळी आट्याचा पाव हिस्साही नाही, आणि प्रत्येक वेळी हेच बोट. शेवटी अलाइनमेंट. प्ले मोजला: अडीच सेंटिमीटर. मिस्त्री म्हणाले, "एवढा राहू द्या. अजिबात नसेल तर समजा, कुठेतरी अडकलंय."

जुन्या ड्रायव्हरला मी आणि भाऊ भेटायला गेलो. तो आता दुसऱ्याच्या टेम्पोवर होता. भावाने मान खाली घालून सगळं सांगितलं. त्याने किल्ली मागितली, मढपर्यंत गाडी नेऊन आणली आणि म्हणाला, "आता रस्ता हाताला कळतो." परत कामावर ये म्हटलं तर हसला. आला नाही.

गाडीत आता एक वही आहे. ड्रायव्हर कोणीही असो, हाताला जे वेगळं लागेल ते त्याने तारखेसह लिहायचं, आणि भावाने त्याखाली काय केलं ते लिहायचं. वर्षभर सांगितलेली गोष्ट पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवली असती, तर चार बोल्ट आणि एक गोळा एवढंच काम होतं.