उपाशी की कारवान?

आमच्या कौंडण्यपूरला वर्धा नदीच्या काठी मेंढपाळांचा तळ पडला होता. त्यांचं हडकुळं कुत्रं पाहून चौथीतली पोरं माझ्याकडे धावत आली. "गुरुजी, थे कुत्रं उपाशी हाये! बरगड्या दिसून रायल्या त्याच्या!" एकानं डब्यातली अर्धी पोळी त्याच्यापुढे टाकलीही. पण त्यानं ती नुसती हुंगली आणि तोंड फिरवलं.

मी जाऊन पाहिलं, तर ते कारवान! कर्नाटकातल्या मुधोळ गावावरून त्याला मुधोळ कुत्रा असंही म्हणतात. लांब निमुळतं तोंड, लोंबते कान, खोल छाती, पोट मात्र आत ओढलेलं. पाय लांब नि सडपातळ. कमरेची हाडं वर आलेली. ती तर या जातीची खूणच! कानांवर, शेपटीवर रेशमी केस असले तर त्याला पश्मी म्हणतात. वास काढत बसायचं नाही, नजरेनं सावज हेरायचं नि सुटायचं, अशी याची रीत. भरधाव पळताना एकेका झेपेत दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटतात. २००५ साली टपाल खात्यानं त्याचं तिकीटही काढलं.

मग खरंच उपाशी कुत्रं कसं ओळखायचं? मांडी पाहा (लांबूनच बरं का!). धडधाकट कारवानची मांडी भरीव, पीळदार असते, केस तुळतुळीत. उपाशी कुत्र्याची मांडी सुकते, केस राठ होतात, नि ते पोळी हुंगत बसत नाही.

ती अर्धी पोळी शेवटी आमच्या शाळेच्या फाटकाशी बसणाऱ्या मोत्यानं खाल्ली. एका घासात!