वादळ आणि समुद्राचें गणित

अमावास्या-पौर्णिमेस समुद्रास उधाण येतें आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, हें कोंकणांतील लहान मूलहि सांगेल. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट केली कीं पूर्ण भरतीची वेळ ढोबळ मानानें निघते. चंद्रसूर्यांची गति नियमित असल्यामुळें हें गणित आगाऊ मांडतां येतें. परंतु चक्रीवादळ तिथि पाहून येत नाहीं. आणि किनाऱ्यावरील माणसांचा मोठा घात वाऱ्यापेक्षां वादळासरशी चढणारें पाणीच करतें. 1999 सालीं 29 ऑक्टोबर रोजीं ओडिशांत पारादीपजवळ महाचक्रीवादळ आदळलें. तेव्हां पांच-सहा मीटर पाणी चढलें व सुमारें 10,000 माणसें प्राणांस मुकलीं.

हें पाणी चढतें कसें? वादळाच्या गर्भांत हवेचा दाब उतरतो. एक मिलीबार दाब उतरला म्हणजे समुद्र सुमारें एक सेंटिमीटर उचलला जातो. पण हा वाटा लहान. खरा जोर वाऱ्याचा. वारा पाणी किनाऱ्याकडे लोटतो. समुद्र खोल असल्यास तें खालून माघारीं फिरतें. उथळ असल्यास त्यास वाट उरत नाहीं, आणि तें जमिनीवर चढतें. त्यांतच पूर्ण भरतीची घटका सांपडली तर अनर्थास सीमा राहत नाहीं.

आतां एखाद्या गांवीं जास्तींत जास्त किती पाणी येईल, हें ठरवावें कसें? वृद्धांची आठवण साठ-सत्तर वर्षांची, आणि एकाच गांवावर मोठें वादळ क्वचितच येतें. म्हणून शास्त्रज्ञ समुद्राच्या नकाशावर चौकटींचें जाळें आंखतात. प्रत्येक चौकटींत खोली, वारा, दाब व भरती मांडून पाणी कोठें सरकेल याचें गणित संगणकाकडून करवितात. मग जुन्या वादळांच्या स्वभावावरून हजारों कल्पित वादळें रचून तीं एकामागून एक या जाळ्यावर सोडतात. कोणती पातळी किती वेळां ओलांडली गेली, हें मोजलें कीं अंदाज हातीं येतो.

येथें सुशिक्षितांचीहि एक फसगत होते. ‘शंभर वर्षांतून एकदां येणारें पाणी’ म्हणजे एकदां आलें कीं शंभर वर्षें निश्चिंती, असें नव्हे. दरवर्षीं शंभरांत एक संभव, एवढाच त्याचा अर्थ. अशा जागीं बांधलेल्या घरांत तीस वर्षें राहिल्यास तें पाणी एकदां तरी येण्याचा संभव शेंकडा 26, म्हणजे चारांत एकाहून किंचित् अधिक आहे! शिवाय 1900 पासून जगाच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारें 20 सेंटिमीटर वाढली आहे. तेव्हां जुनी खूण आतां पुरेशी नाहीं.

दिल्लीच्या आय.आय.टी.तील संशोधकांनीं बंगालच्या उपसागरासाठीं असें गणित सिद्ध केलें व हवामान खात्यानें तें वापरांत आणलें. 2013 सालीं 12 ऑक्टोबर रोजीं ‘फायलिन’ वादळ गोपाळपूरजवळ आलें. तें 1999 च्या वादळाहून कांहींसें सौम्य होतें, व तेथें समुद्रहि लवकर खोल होतो, हें खरें. परंतु आधींच सुमारें दहा लक्ष माणसें हलविलीं गेलीं, आणि बळी थोडे पडले.

गणित वादळ थांबवीत नाहीं. तें केवळ वेळ देतें. तो वेळ वायां घालवूं नये. “आमच्या आजोबांच्या वेळींहि पाणी येथवर आलें नव्हतें,” या शब्दांवर विसंबून घरांतील लेंकरांस व वृद्धांस मागें ठेवूं नये, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.