वार्धक्य आणि आठवणी

म्हातारा मनुष्य एकच हकीकत पुन्हा पुन्हा सांगू लागला म्हणजे ऐकणारे कंटाळतात. "आजोबा, हे कालच सांगितलेत," असे म्हणून मुले त्यांना गप्प करतात. एके काळी पुष्कळ डॉक्टरांचेही मत याहून फारसे निराळे नव्हते. गतकाळात रमणे हे बुद्धी क्षीण होत चालल्याचे लक्षण होय, असे ते समजत. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६३ साली एक निबंध लिहून या समजुतीला धक्का दिला. आयुष्याची अखेर जवळ आली की मनुष्य स्वभावतःच आपल्या जीवनाचा आढावा घेऊ लागतो. हा मनाचा दुबळेपणा नव्हे, ते मनाचे आवश्यक कार्यच आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले.

आपल्या गावात राहणाऱ्या वृद्धाला हे कार्य फारसे जड जात नाही. भोकरच्या मोंढ्यात एखादे आजोबा उभे राहिले, तर ते कोणाचे कोण, त्यांनी कोणते रान कसले, हे सांगणारे चारजण सहज भेटतात. तेच आजोबा वृद्धाश्रमात राहावयास गेले म्हणजे त्यांना जेवण वेळेवर मिळते, औषधपाणीही होते. परंतु पूर्वीचे त्यांचे आयुष्य पाहिलेले तेथे कोणीच नसते. मन खिन्न होते ते बहुधा यामुळे.

म्हणून अनेक देशांतील वृद्धाश्रमांत आठवणींच्या बैठका भरवितात. सहा-आठ वृद्ध एकत्र बसतात. मध्ये एखादे जुने छायाचित्र किंवा जुन्या वापरातील वस्तू ठेवतात, आणि बोलणे सुरू होते. नांदेड-लातूरकडील मंडळींची अशी बैठक बसली, तर विषयांना तोटा पडणार नाही. हाली सिक्क्याचे एखादे नाणे हाती दिले, तर नव्वदीच्या माणसाला निजामी अंमल आणि १९४८ चा सप्टेंबर आठवेल. भोकरकरांना मुदखेड-आदिलाबाद मार्गावरची जुनी मीटरगेज गाडी आठवेल. लातूरकडच्यांपुढे वेळ अमावास्येचे नाव काढावयाचा अवकाश, की कडब्याची कोप, भज्जी आणि आंबील यांचे वर्णन सुरू झालेच म्हणून समजावे! साधारणपणे दहा ते तीस या वयातील प्रसंग माणसाला उतारवयात अधिक आठवतात, असे मानसशास्त्रज्ञांना आढळून आले आहे.

मात्र प्रत्येक आठवण सुखदच असते असे नाही. १९७२ च्या दुष्काळाचेच उदाहरण घ्या. त्या वेळी खडी फोडावयास गेलेली एखादी आजी म्हणते, "हात सोलून निघाले, पण लेकरं जगवली." दुसरीचे लेकरू त्याच वर्षी दगावलेले असते, ती रोज तोच दिवस उगाळते आणि स्वतःला दोष देते. पहिलीच्या मनाला त्या आठवणीने बळ येते, दुसरीचे दुःख मात्र वाढत जाते. कॅनडातील वाँग आणि वॉट या संशोधकांनी १९९१ साली हाच भेद दाखवून दिला. झालेल्या गोष्टींचा अर्थ लावणारे आणि संकटे कशी निभावली हे आठवणारे वृद्ध अधिक समाधानी असतात. एकाच सलात गुंतून पडलेले तसे नसतात.

यातून फार मोठ्या चमत्काराची अपेक्षा करू नये. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांविषयीच्या २२ अभ्यासांचा आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. या बैठकांनी लाभ होतो, पण तो बेताचाच असतो, आणि घरापेक्षा संस्थेत राहणाऱ्यांना तो अधिक प्रकारे जाणवतो, असे त्यात दिसून आले.

ऐकणाऱ्याने काय विचारावे, यालाही महत्त्व आहे. त्या दुसऱ्या आजीला "विसरून जा" असे सांगून उपयोग नसतो. लेकराचे नाव काय होते, ते कसे हसे, असे विचारले तर ती क्षणभर थांबते. आणि मग त्या एका दिवसाआधीचे पुष्कळ दिवस तिला सांगावेसे वाटू लागतात.