अंजिराला थंडी नव्हे, दमट हवा बाधते



गव्हाण परिसरातील कातकरी कुटुंबांच्या अंगणात लावलेल्या अंजिरांविषयी आपण आस्थेने विचारता. गेल्या नाताळाच्या सुमारास एका हितचिंतकांनी परदेशातील चित्रफीत पाहून रोपे झाकण्यासाठी प्लास्टिकचा कागद पाठवला. आम्हीही फार विचार न करता रोपे गुंडाळली. जानेवारी संपेपर्यंत निम्म्याहून अधिक रोपांची पाने झडली. चूक आमचीच होती. एका आजीने तेव्हाच विचारले होते, "उंबराला कोनी गोधडी घालतं का, भाऊ?" उंबर आणि अंजीर एकाच कुळातले, आजीचे ऐकायला हवे होते.

थंड देशांत अंजीर झाकतात ते बर्फ आणि हिमकणांपासून वाचवण्यासाठी. तिथे हिवाळ्यात झाडाची पाने गळून ते झोपलेले असते, पानांतून वाफ निघत नाही. तरीही जाणकार माळी गोणपाट वापरतात आणि वरून वारा खेळेल अशी फट ठेवतात, नाहीतर आत बुरशी धरते. असे पानगळ झालेले मोठे झाड शून्याखाली पाच-सात अंशांपर्यंत तग धरते. आपल्या पनवेलला पारा दहाच्या खाली क्वचितच उतरतो. मग थंडीची भीती कशाला?

आपल्याकडे खाडीजवळची हवा मुळातच दमट असते आणि रोपांवर पाने असतात. दिवसा माती व पाने वाफ सोडतात. रात्री ती थंड प्लास्टिकला लागून थेंब होते आणि पानांवर ठिबकते. पान तासन् तास ओले राहिले की तांबेऱ्याची बुरशी रुजते. पानाच्या खालच्या बाजूला तांबूस-तपकिरी पुटकुळ्या दिसतात, बोट फिरवले की भुकटी लागते. मग पाने पिवळी पडून गळतात आणि फळ पोसायला झाडाकडे काही उरत नाही.

पुरंदरच्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे सह्याद्रीपलीकडची कोरडी हवाही आहे. तिथेही पावसाळ्यातल्या खट्टा बहारापेक्षा उन्हाळ्यातला मीठा बहारच गोड. कोकणात तेवढी गोडी येईल असे मी कुणाला सांगत नाही. पण घरच्या मुलांना फळ मिळावे, उरले तर आईला बाजारात चार पैसे व्हावेत, एवढे होऊ शकते.

यंदा कागद काढून टाकला आहे. मधल्या गर्दीच्या फांद्या छाटून झाड उघडे केले. पाणी सकाळी, बुंध्याशी, पानांवर नाही. गळलेली पाने वेचून जाळतो. पुटकुळी दिसताच एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतो, म्हणजे 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना; ते मात्र धातूच्या भांड्यात करू नये. लूकच्या तेराव्या अध्यायातला माळीही अंजिराभोवती खणून खत घालण्याचीच मुदत मागतो. आम्हीही आळी खणून शेणखत घातले. वाचलेल्या रोपांना नवी पालवी आली आहे, गेलेल्यांच्या जागी कलमे लावायची आहेत.

म्हणून विनंती, झाडांसाठी प्लास्टिक पाठवू नका. छाटणीच्या दोन चांगल्या कात्र्या आणि एक हातपंप हवा आहे. प्लास्टिकचा कागद पावसाळ्यापूर्वी झोपड्यांच्या छपरांसाठी मात्र लागेल.